चांद्या आला

आमच्या बोरखडी तांड्याला दार नावाची वस्तू ठाऊक नव्हती. कुडाची घरं, वर गवताचं छप्पर आणि तोंडाशी बांबूची ताटी. तीही कुत्रं आत शिरू नये म्हणून लावायची, माणसासाठी नाही. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर हिंडायचे, मुक्कामाला गोण्यांची भिंत रचून तिच्या आडोशाला झोपायचे. पुढे गोण्या गेल्या, शेती आली, पण कुलूप काही आमच्या डोक्यात शिरलं नाही. घाटंजीच्या बाजारात कुलपं मांडलेली असत. आमच्या बाया ती हातात घेऊन उघडून-मिटून बघायच्या, हसायच्या आणि परत ठेवून द्यायच्या.

तांड्यातलं पहिलं खरं दार पूनमसिंगकाकांनी बसवलं. त्या दाराची ही गोष्ट. मला ती सांगायला आवडत नाही, पण लोक ती भलतीसलती करून सांगतात. कोणी म्हणतं सून कैदाशीण होती, कोणी म्हणतं म्हातारा चक्रम होता. ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिले आहे. सून कैदाशीण नव्हती आणि म्हातारा चक्रम नव्हता. तसं असतं तर निदान कुणाच्या तरी नावानं बोटं मोडता आली असती.

काका माझ्या नवऱ्याचे चुलते. त्यांची बायको रुपीकाकी, मुलगा खेमसिंग आणि मुलगी बिजली. मी लग्न होऊन तांड्यात आले तेव्हा पहिले कितीतरी दिवस मला कोणी आपलं वाटलं नाही. बिजली कुंपणावरून यायची, माझ्या शेजारी बसायची आणि चोळीवर आरसे कसे टाकायचे ते दाखवायची. माझे टाके वाकडे गेले की नाकातून हसायची. वर्षभरानं तिचं लग्न झालं आणि ती उमरखेडच्या पलीकडे, लांबच्या तांड्यात गेली. तेव्हा मी तिच्या आईइतकीच रडले होते.

आमच्यातलं रडणं बाहेरच्यांना कळत नाही. लग्नात नवरी गळ्यात गळा घालून ढावलो रडते, म्हणजे सूर धरून, शब्द बोलत रडते. पुढे ती माहेरी आली की तसंच. लेक थेट घरात शिरत नाही. दारात बसते, पदर तोंडावर ओढते आणि आपलं सुखदुःख सुरात रडून सांगते. मग आई बाहेर येते, मिठी मारते आणि तिला तसंच रडून उत्तर देते. ते झाल्यावर पाणी आणि मग भाकर. रस्त्यानं जाणाऱ्या कुणब्यांना वाटतं इथं मयत झालं. मयत कुठलं, लेक घरी आलेली असते.

महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या हिवाळ्यात काकांकडे चोरी झाली. कापसाच्या वेचणीचे दिवस, भर दुपार, सगळा तांडा शेतात. संध्याकाळी येऊन पाहतात तर गाडगी उपडी आणि रुपीकाकीची चांदीची हांसली, खेमसिंगच्या लग्नासाठी जमवलेले दागिने, सगळं गेलेलं. आणि चुलीपाशी भाकरीचा चुरा, ठेच्याची वाटी चाटूनपुसून साफ. चोर घाईत नव्हता. बसून जेवून गेला होता.

पोलिसाकडे वर्दी दिली. त्यानं येऊन काय केलं, तर तांड्यातल्या सगळ्या पुरुषांना उन्हात बसवलं आणि तुम्ही चोरीचा माल कुठे लपवता ते विचारलं. ज्याची चोरी झाली त्यालाही बसवलं. गोरमाटी म्हटला, लमाण म्हटला की चोर, हे त्याच्या डोक्यात आधीच पक्कं होतं. काका संध्याकाळपर्यंत बसले, उठले आणि पुन्हा कधी त्या चौकीची पायरी चढायची नाही असं म्हणाले.

चांदीचं दुःख रुपीकाकीला होतं. काकांना भाकरीचं होतं. ते माझ्या नवऱ्याजवळ पुन्हा पुन्हा एकच बोलायचे. "चोर माह्या चुलीपाशी मांडी घालून बसला. माह्या घरात. आता मी घर घर कायले म्हनू त्याले?"

त्या उन्हाळ्यात त्यांनी कूड पाडून मातीच्या विटांचं घर बांधलं. समोर खिडकी नाही, वर हातभर झरोका. दार सागाच्या जाड फळ्यांचं आणि आतून आडवा लावायला धावड्याच्या लाकडाचा अडसर. तो उचलायला रुपीकाकीला दोन्ही हात लागत. पहिल्या दिवशी सगळा तांडा दार बघायला आला. पोरं ते उघडायची, लावायची, आणि काका त्यांच्यावर खेकसायचे पण मनातून खूश होते. दार लावल्यावर आत दुपारीही अंधार पडायचा. रुपीकाकी मला म्हणाली, रांजणात बसल्यासारखं वाटतं. पण नवऱ्याला झोप लागते आहे म्हणून ती गप्प राहिली.

त्याच सुमाराला बाजारातून ती बातमी आली. मुकुटबनच्या अंगाला म्हणे चोरांची एक टोळी आहे. त्यांच्यात एक बाई आहे. ती दारात बसून लेकीसारखी रडते, घरची माणसं दार उघडतात, आणि मागच्या झुडपातले गडी आत घुसतात. बाजारात प्रत्येकाला ही गोष्ट माहीत होती. कुणाच्या साडूच्या गावात घडलेलं, कुणाच्या मामाच्या. पुढे मी कितीतरी जणांना विचारलं, तुमच्या स्वतःच्या घरी असं झालं का? एकही माणूस भेटला नाही. पण तेव्हा आम्ही सगळ्यांनी ती बातमी भाकरीबरोबर खाल्ली आणि पचवली.

काकांनी घराला नेम घालून दिला. पुरुष घरात नसला की अडसर लावलेला राहील. घरचं माणूस आलं की ते बाहेरून म्हणेल, चांद्या आला. हा चांद्या म्हणजे काकांच्या आजोबांचा बैल. कपाळावर पांढरा चांद असलेला, लदेणीच्या, म्हणजे माल लादलेल्या बैलांच्या रांगेच्या अगदी पुढे चालणारा. तो निघाला की बाकीचे बैल निघत, तो थांबला की थांबत. त्याच्या गोष्टी काकांनी बिजलीला आणि खेमसिंगला मांडीवर घेऊन सांगितलेल्या. घरच्यांशिवाय ते नाव कुणाला ठाऊक नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यानंतर खेमसिंगचं लग्न झालं आणि नंदा घरात आली. बिजलीला भावाच्या लग्नाला सासरच्यांनी पाठवलं नाही. शेतीची कामं आहेत म्हणाले. त्यामुळे या दोघी नणंदा-भावजयांनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं, आवाजही ऐकला नव्हता. नंदा हडकुळी, मोठ्या डोळ्यांची, सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करणारी पोर होती. सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही ही आमची रीत. काही विचारायचं तर सासूच्या कानात सांगायचं.

नेम समजावून सांगताना मी तिथेच तूर निवडत होते. सगळं ऐकून झाल्यावर नंदानं सासूच्या कानात काहीतरी विचारलं. रुपीकाकी हसली आणि काकांना म्हणाली, ही विचारते, बाई रडत असली आणि रडता रडता चांद्याचं नाव घेतलं तर काय करायचं? काकांना तो प्रश्न उर्मटपणाचा वाटला असावा. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"चोर का अडानी राह्यते? नाव बी शिकून येईन, घरची समदी खबर बी काढून येईन. रडनं आइकू आलं का दार उघडजो नको. नाव घेतलं तरी नको. समजलं?"

रुपीकाकी म्हणाली, आपली बिजली येईल की कधी. त्यावर काका हसले. लेक कधी एकटी येते का? तिला आणायला बाप जातो नाहीतर भाऊ जातो. बिजली येईल तेव्हा मीच तिच्याबरोबर असेन आणि मीच म्हणेन चांद्या आला. बोलणं बरोबर होतं. आमच्यात लेकीला आणायलाच जातात. आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

नंदानं तो नेम असा पाळला की तांड्याला हसायला विषय झाला. एकदा काका डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन शेतातून आले आणि दार उघड म्हणून ओरडले. आतून आवाज नाही. काका शिव्या द्यायला लागले. तरी आवाज नाही. शेवटी भाऱ्याखालून घाम पुसत ते म्हणाले, चांद्या आला. लगेच अडसर उचलल्याचा आवाज आला. पोरं महिनाभर त्यांच्यामागे चांद्या आला, चांद्या आला करत होती. काका रागावले नाहीत. माझ्या नवऱ्याला म्हणाले, अशी सून नशिबानं मिळते.

मात्र या दारानं एक गोष्ट केली, ती आमच्या कुणाच्या ध्यानात आली नाही. काका घर सोडीनासे झाले. दिवाळीला बिजलीला आणायला जायचं होतं, गेले नाहीत. इतक्या लांब जायचं म्हणजे घर कोण बघणार? खेमसिंगला पाठवा म्हटलं तर एकटा मी किती पुरणार? पुढच्या दिवाळीलाही तेच. रुपीकाकीनं दोन दिवस चूल पेटवली नाही, सुनेलाही पेटवू दिली नाही. काकांनी स्वतः भाकरी थापल्या, वाकड्यातिकड्या, आणि बायकोसमोर ठेवल्या. प्रेम होतं हो त्या माणसाचं. प्रेमापोटीच सगळं केलं.

त्या दिवाळीनंतर बाजारात मारोतराव भेटले. उमरखेडकडचे कापूसवाले शेतकरी, बैल घ्यायला आले होते. बिजलीच्या सासरचा तांडा त्यांच्या शेताला लागून. ते काकांना बाजूला घेऊन म्हणाले की लेकीची तब्येत ठीक दिसत नाही, दिवस गेलेले आहेत, आणि तिनं निरोप दिला आहे, बापाला म्हणावं येऊन ने. काका ऐकून कावरेबावरे झाले. पण घरात कापूस भरलेला होता. छपरापर्यंत कापूस. एवढा कापूस घरात टाकून जायचं कसं? विकला की निघतो, असं त्यांनी ठरवलं. रुपीकाकीनं विचारलं, कापसाला कोण खाणार आहे?

पौषात कापूस गाडीत भरला. काका आणि खेमसिंग गाडीवर, आणि त्या दिवशी बाजार म्हणून रुपीकाकी आणि मीही निघालो. तांड्यातले निम्मे लोक बाजारात, उरलेले शेतात शेवटची वेचणी करत होते. नंदा घरात. निघताना काकांनी आतून अडसर लागल्याचा आवाज ऐकला, मगच बैल हाकले.

कापूस विकला गेला. काका इतके मोकळे झाले की आम्हाला त्यांनी जिलबी खाऊ घातली. रुपीकाकीनं बिजलीसाठी लाल चोळीचं कापड घेतलं, आरसे घेतले. बाळासाठी काय घ्यायचं त्यावर आम्ही दोघी घटकाभर भांडलो. काका म्हणाले, उद्या सकाळच्या मोटारीनं निघतो, परवा लेक घरात. परतीच्या वाटेवर रुपीकाकी गाडीत बसल्या बसल्या बिजली आली की रडायचे शब्द जुळवत होती. तिला वाटलं मला ऐकू येत नाही.

दिवस मावळता मावळता तांड्यात पोचलो. काकांनी दारासमोर उभं राहून खणखणीत आवाजात म्हटलं, चांद्या आला. अडसर निघाला. दारात नंदा उभी, हातात विळा, तोंडाला घामाची धार. पौषातल्या थंडीत घाम. ती सासूला बिलगली आणि सगळं तिच्या कानात बोलली, पण इतकी धापा टाकत होती की आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं. ते आले होते. बाई आणली होती. दुपारभर दारात रडत होती. चांद्याचंही नाव घेतलं. मी उघडलं नाही.

काकांची छाती फुगली. आयुष्यात पहिल्यांदा ते सुनेशी थेट बोलले.

"शाबास बाई. लेकीवानी घर राखलं तू."

त्यांनी जिलबीचा पुडा तिच्या हातात दिला. लोक जमले. शेजारपाजारचे, शेतातून नुकतेच आलेले. म्हातारी हंसाबाई दुखऱ्या पायामुळे घरीच होती. ती म्हणाली, मीही लांबून पाहिली, दारात एक बाई वाकून बसलेली, मग मीही माझी ताटी ओढून घेतली. सगळे हंसाबाईला शाबास म्हणाले. एकजण म्हणाला, झुडपात किती गडी होते? नंदा म्हणाली, मला झरोक्यातून दिसले नाहीत, पण असतील.

मग काकांनाच हुक्की आली. ती काय काय म्हणाली ते सुनेनं सगळ्यांना सांगावं, म्हणजे चोरांची रीत तांड्याला कळेल. नंदा लाजली. पण आमच्या बायांना एकदा ऐकलेला ढावलो पाठ होतो, आणि तिनं तर दुपारभर ऐकला होता. पदर ओढून तिनं खालच्या सुरात म्हणायला सुरुवात केली. आमच्या बोलीत होतं, मी इथं मराठीत सांगते, फक्त आईला आम्ही याडी म्हणतो ते तसंच ठेवते.

याडी गं, उठ, तुझी लेक आली. बा आला नाही, भाऊ आला नाही, मी माझ्या पायांनी आले. त्यांनी माझ्या चुलीवर दुसरी बसवली, याडी. माझ्या पोटातलं त्यांना जड झालं. चांद्या बैल पुढे असता तर मी वाट चुकले असते का गं.

कोणीतरी म्हणालं, काय शिकवलंय चोरट्यांनी. दोघं-तिघं हसले. रुपीकाकी ओट्यावर बाजाराचं गाठोडं सोडत होती. तिचं लक्ष अर्धवट होतं. नंदा पुढे म्हणत गेली.

लहानपणी मी कापसाच्या गाडीत झोपले, याडी, आणि तू मला सगळ्या बाजारात शोधलंस. आता मी तुझ्या दारात बसले, तू मला शोधत का नाहीस.

रुपीकाकीच्या हातातलं लाल कापड खाली पडलं. ती उठली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "ते गाडीचं पुन्यांदा म्हन."

नंदानं पुन्हा म्हटलं. आता कोणी हसत नव्हतं. बिजली पाच-सहा वर्षांची असताना घाटंजीच्या बाजारात हरवली होती. रुपीकाकी ऊर बडवत सगळा बाजार फिरली आणि पोर आपल्याच गाडीत, कापसात निवांत झोपलेली सापडली. काका तेव्हा दुसऱ्या गावी गेले होते, आणि रुपीकाकीनं मार बसेल म्हणून त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. पोर कुठे सापडली हे मायलेकींशिवाय कुणाला माहीत नव्हतं. रुपीकाकीनं ते तिथे सगळ्यांसमोर सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, आणि काका जिथे उभे होते तिथे खाली बसले.

दाराच्या खालच्या फळीवर, बसलेल्या माणसाचं कपाळ टेकेल तेवढ्या उंचीवर, धुळीत ओलीचा एक डाग वाळलेला होता. त्याच्याशिवाय बिजली काही ठेवून गेली नाही.

खेमसिंग घाटंजीच्या रस्त्यानं धावत सुटला, माझा नवरा शेतातल्या पायवाटेनं. पलीकडच्या शेतातल्या एका कुणब्यानं सांगितलं की उतरत्या उन्हाला एक लमाणबाई पायवाटेनं जात होती. पाणी मागितलं, प्यायली, पोटाला हात धरून थोडा वेळ बसली. कुठली म्हणून विचारलं तर म्हणाली, कुठलीच नाही. मग जंगलाच्या कडेनं निघून गेली. आम्ही गाडीच्या रस्त्यानं आलो म्हणून आम्हाला ती भेटली नाही.

त्यानंतरचं काय सांगू? मशाली घेऊन जंगल पाहिलं, विहिरींत गळ टाकले, नाल्याचे डोह पाहिले. काही नाही. काका उमरखेडकडे गेले. चुलीपाशी खरंच दुसरी बाई बसलेली. जावई फुलचंद म्हणाला, तुमची लेक तुमच्याकडे गेली, आम्हाला कशाला विचारता? काकांनी हात उचलला नाही. कुठल्या तोंडानं उचलणार होते. यवतमाळच्या मोटारतळावर ते आठवडाभर बसले, येणाऱ्या प्रत्येक मोटारीत डोकावले. ज्या चौकीची पायरी चढणार नाही म्हणाले होते, तिथेही गेले. पोलिसानं विचारलं, चोरीला काय गेलं? काका म्हणाले, माझं घर. तो समजला, पुन्हा भाकर खाऊन कोणीतरी गेलं, आणि त्यानं त्यांना हाकलून दिलं.

बिजली जिवंत आहे का मेली, हे कुणालाच कळलं नाही. मेल्याची खबर आली असती तर सुतक पाळून मोकळे झालो असतो.

तांड्यातल्या बायांनी नंदाकडे बघणं सोडलं. विहिरीवर ती आली की बाजूला व्हायच्या. यात हंसाबाईही होती, जिनं स्वतःची ताटी ओढून घेतली होती. मीही एकदा विहिरीवर तिला जे बोलले ते सांगण्यासारखं नाही. पण काकांनी मात्र सुनेला एक शब्द कधी लावला नाही. तांड्याच्या नायकासमोर पंच बसले तेव्हा ते सगळ्यांदेखत उभे राहिले. "म्या सांगतलं तेच तिनं केलं. ज्याले बोलाचं असन त्यानं मले बोला." एवढं म्हणून घरी आले आणि पहारीनं दार उचकटून काढलं. अडसर फोडून जाळला. दाराच्या फळ्या कुणी फुकट न्यायलाही तयार नव्हतं. त्या कुंपणाशी पडून सडल्या.

त्या घराला पुन्हा दार लागलं नाही. पावसाची झड आत जायची, थंडीचं वारं आत जायचं. काका दिवसभर ओट्यावर बसायचे. शेत खेमसिंग बघायचा. कुठेही बाईचं रडणं ऐकू आलं की काका उठून त्या दिशेनं चालायला लागत. लग्नातलं रडणं असो, मयतीतलं असो. आम्ही हात धरून परत आणायचो.

पुढच्या एका वेचणीत भर दुपारी मी माझ्या परसात होते. एक अनोळखी माणूस काकांच्या समोरून घरात शिरला आणि पितळेची घागर, परात घेऊन बाहेर आला. मी काठी शोधेपर्यंत काका त्याला थांबवताना दिसले. मला वाटलं आता धरतील. त्यांनी त्या चोराला फक्त विचारलं, "वाटेत माही लेक भेटली का तुले?" चोर गोंधळला. नाही म्हणाला. काकांनी त्याला जाऊ दिलं. तो घागर खांद्यावर घेऊन मागे वळून वळून पाहत गेला. मी काठी खाली टाकली आणि तिथेच रडत बसले.

रुपीकाकीनं दुसरं काढलं. रोज दिवे लागायच्या आधी ती नंदाला त्या उघड्या दारात बसवायची, तिच्या तोंडावर पदर ओढायची आणि म्हणायची, म्हण. नंदा बिजलीचा ढावलो म्हणायची. चुलीवरची दुसरी, पोटातलं जड झालं, चांद्या बैल, कापसाची गाडी. मग रुपीकाकी तिच्या गळ्यात पडून उत्तर द्यायची. जे त्या गाडीत बसून जुळवलं होतं तेच. आले गं माझी बाई, सापडलीस गं, उठ, पाणी पी. नंदा तिच्या मिठीत दगडासारखी बसायची. हे रुपीकाकी मरेपर्यंत चाललं. आम्ही भिंतीपलीकडे स्वयंपाक करायचो आणि कान बंद करायची सोय नव्हती.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. नंदा रोज त्याच जागी थांबायची. तू मला शोधत का नाहीस, आणि गप्प. दुपारभर रडलेल्या बाईचा ढावलो असा अर्ध्यात तुटत नाही, हे कुठलीही बाई सांगेल. रुपीकाकीचे दिवस झाल्यावर मी नंदाला विचारलं. तिच्यासमोर बसून, हात हातात घेऊन विचारलं, पुढे काय होतं? तिनं चुलीकडे बघत ते म्हटलं, सुरात नाही, साध्या आवाजात. आत कोणी आहे, मला तुझ्या बांगड्या ऐकू येतात. तू माझी भावजय असशील. भिऊ नको बाई. नको उघडू. माझ्या याडीला एवढं सांग, मी आले होते.

 मग नंदाच पुढे बोलली.

"ते आइकलं अन् मले वाटलं, हे चोर नोहे. मी उठली. अडसरले दोन्ही हात लावले. मंग मनात आलं, चोर बी असंच बोलत असन. अन् मी हात काढून घेतले."

तिनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि भाकरी उलटली. बाहेर ओट्यावर काका बसलेले होते, आणि मधे दार नव्हतं.